त्या साली एकच दोर

मला मारामारीचं कधी वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी तोंड वाकडं करायला नको. माझे दोन्ही कान कुस्तीत चेचलेले आहेत, नाकाचं हाड मोडून वाकडं बसलंय, आणि उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत दोराच्या पिळाचा वळ आहे. कान आणि नाक आखाड्यात गेलं, त्याचं काही नाही. हातावरचा वळ मात्र नाटकातला. नाटकात काम केलं म्हणून नव्हे. माझ्या बाला ते पुढं बसून बघायचं होतं, म्हणून.

आम्ही मांग. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि पेठेपेठेला एक तालीम होती. तालमीत पोरं कुस्ती करायची, आणि वर्षातून एकदा, सुगी घरात आली की, तालमीच्या पटांगणात त्याच पोरांचं नाटक व्हायचं. सकाळी जोर-बैठका मारणारा गडी संध्याकाळी लुगडं नेसून राणी व्हायचा. फळ्यांचा मंच घालायचे, गॅसबत्त्या भाड्यानं आणायचे, आणि पुढं रंगवलेला पडदा सोडायचे. अख्खी पेठ लोटायची.

त्या नाटकाला दोन दोर लागायचे आणि दोन्ही आमच्या घरातून जायचे. एक पडदा वर ओढायला. दुसरा पटांगणात आडवा बांधायला, या खांबापासून त्या खांबापर्यंत. आडव्या दोराच्या पुढं शेतकरी, व्यापारी, सुतार, तेली, आतार, तांबोळी, हिंदू-मुसलमान सगळे मांडीला मांडी लावून बसायचे. दोराच्या मागं आम्ही. मागं म्हणजे तालमीचा उकिरडा संपतो तिथं, उतारावर, उभ्यानं. घायपाताचा वाख आम्हीच भिजवायचा, आम्हीच बडवायचा, तळहाताची सालटं काढत पीळही आम्हीच द्यायचा, आणि नेऊन म्हणायचं, घ्या, आता आम्हाला याच्यामागं उभं करा.

नाटक झालं की पडद्याचा दोर तालमीच्या विहिरीवर जायचा आणि वर्षभरात झिजून तुटायचा. आडवा दोर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जाळायचे. का, तर आमची पोरंबाळं रात्रभर त्याला टेकलेली असायची, म्हणून तो बाटला. आमच्या हातनं वळला तेव्हा बाटला नव्हता. गोमूत्र शिंपडलं की भागलं. टेकलो की बाटला! काय ही अक्कल. लहानपणी मी त्या जळक्या वाखाचा वास घेत उभा राहायचो आणि दात खायचो.

तालमीत मी कसा शिरलो तेही सांगतो. कोडोलीच्या जत्रेत कुस्त्यांना हलगी वाजवायला गेलो होतो. एक पैलवान जोड मिळेना म्हणून मांड्या थोपटत फिरत होता, आणि फिरता फिरता त्यानं आम्हा हलगीवाल्यांना आईवरून शिवी दिली. मी हलगी खाली ठेवली, आखाड्यात उडी मारली आणि त्याला पाठीवर आपटला. मग काय! चहूकडून दगड आले. आमच्या पेठेच्या तालमीचे वस्ताद तिथं होते. मुसलमान माणूस, मेंदीनं लाल केलेली दाढी, अंगानं दरवाजाएवढे. ते माझ्यावर आडवे झाले आणि दोन दगड त्यांच्या पाठीत बसले. उठून अंग झाडत म्हणाले, "उद्यापास्नं तालमीत ये. असला डाव वाया घालवायचा न्हाय."

पेठेच्या कारभाऱ्यांनी तालमीत येऊन दंगा केला. कारभारी म्हणजे तालमीचा सगळा कारभार बघणारा पेठेतला बडा शेतकरी, जरीकाठी फेट्याचा. वस्ताद त्यांना म्हणाले, "पटांगन तुमचं, इमारत तुमची. माती माजी हाय. मातीत कोन उतरनार ते मी बघनार. पटत नसंल तर दुसरा वस्ताद बघा." तसा वस्ताद पंचक्रोशीत नव्हता. शिवाय खुद्द महाराजांना पैलवान कुठल्याही जातीचा चालतो, हे कारभाऱ्यांना ठाऊक होतं. गिळलं त्यांनी.

वस्तादांनी मला जोडीदार दिला. पेठेतल्याच शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याच वयाचा, मान रेड्यासारखी. रोज पहाटे आम्ही एकमेकांना आपटायचो. माझं नाक त्यानंच मोडलं आणि त्याचा पुढचा दात मी पाडला. हळद, तेल आणि ताक घालून मळलेल्या त्या लाल मातीत त्याचा घाम माझ्या तोंडात जायचा, माझं रक्त त्याच्या छातीला लागायचं, आणि कुणाचं काही बाटायचं नाही. मातीतून बाहेर पाय ठेवला की तो विहिरीवर जायचा आणि मी लांब ओंजळ धरून उभा राहायचो. तो वरून पाणी ओतायचा. आणि नाटकाच्या दिवशी आडव्या दोरापाशी काठी घेऊन राखणीला कोण? तोच. पहिल्या वर्षी मी सवयीनं दोराखालून वाकून त्याच्याकडं गेलो, तर त्यानं माझ्या नडगीवर काठी हाणली. "मागं हो," म्हणाला, माझ्याकडं न बघता. दुसऱ्या दिवशी आखाड्यात मी त्याला असा रगडला की वस्तादांना मधे पडावं लागलं.

बा माझ्यासारखा नव्हता. किडकिडीत माणूस, आयुष्यात कुणाला चापट मारली नसेल. त्याला एकच वेड, नाटकाचं. उतारावर उभं राहून ऐकलेली पदं तो वर्षभर दोर वळताना म्हणायचा. त्याच्या हातात वाख, आईच्या हातात दुसरं टोक, आणि हा मागं मागं सरकत राजाचं भाषण करणार. आई राणी, मी प्रधान. आई म्हणायची, "राजं, हिकडं पीळ सुटालाय." आम्ही हसून बेजार व्हायचो.

मग त्याची नजर जायला लागली. आधी कडेचं दिसेना, मग लांबचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पापण्या ताणून बघितलं आणि सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलीय ती फार तर वर्षभर. त्या साली उतारावरून बाला मंचाच्या जागी नुसता उजेड दिसला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "एकदा राजाचं त्वांड जवळनं बघायचं हाय रं. डोळं जायच्या आधी. फुडच्या साली तेवढं जमव. बाकी काय मागनं न्हाय." माझ्या बानं त्याआधी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

पुढच्या साली नाटकाच्या तालमी सुरू झाल्या तसा मी कारभाऱ्यांकडं गेलो. ते तालमीच्या पायरीवर पान खात बसले होते. मी हात जोडले. मी, हात जोडले! म्हणालो, बाला एका बाजूला, पुढं, कोपऱ्यात बसू द्या, एकच रात्र, त्याचे डोळे चाललेत. कारभाऱ्यांनी पिंक टाकली आणि म्हणाले, "तुज्या बाला आंधळंच व्हायचं हाय न्हवं? मग ते उकिरड्यावर हुबा ऱ्हाऊन बी हुतंय की." आणि हसले. बाकीचेही हसले.

मी त्यांच्या थोबाडीत दिली. फेटा उडून गटारात पडला. पुढचं मला सलग आठवत नाही. पाठीवर गुडघे होते, तोंडात माती होती आणि कुणीतरी माझ्या बोटांवर टाच फिरवत होतं. मारणाऱ्यांत जोडीदार होता. त्याचा फटका मी ओळखतो, रोज खातो तो. वस्तादांनी एकेकाला मानेला धरून बाजूला फेकलं, म्हणून मी घरी आलो.

आई हळद भरत होती, शिव्या देत होती, त्यांना आणि मला, दोघांनाही. बा माझे सुजलेले हात चाचपत बसला होता. तो म्हणाला, "फेटा पाडून काय मिळालं?"

"थंड वाटलं," मी म्हणालो.

"तुला वाटलं. मला राजा दिसला का?" मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "दोर कोन वळतंय?"

मला कळलं नाही. आईला लगेच कळलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जी हसली!

महाराजांनी बलुत्याची सक्ती नुकतीच उठवली होती. दोर द्यायलाच पाहिजे असं आता कुणी म्हणू शकत नव्हतं. पण पेठेची सवय सुटते होय? कारभाऱ्यांचा गडी दरसालसारखा जोंधळे घेऊन आला आणि लांबूनच ओरडला, "दोर वळून ठिवा." बानं जोंधळे परत पाठवले. म्हणाला, "पेठेचं काम हाय, फुकट देतो." किती देतो ते बोलला नाही. आईनं आमच्या मांगवाड्यात दारोदार फिरून सांगितलं, नाटक होईस्तोवर ज्याच्या घरातून वीतभर सुतळी बाजारात जाईल, त्याच्या दारात मी येऊन बसणार. आई दारात बसली की काय होतं, ते वाड्याला चांगलं माहीत होतं. शहरात दोर विकणारे आम्हीच. कुणाच्या घरातून सुतळी हलली नाही.

नाटकाच्या दिवशी दुपारी आम्ही दोर घेऊन गेलो. बानं तसा दोर पुन्हा कधी वळला नाही. तीन पेडी, एकसारख्या पिळाचा, हाताला कुठं गाठ लागायची नाही. कारभाऱ्यांनी गोमूत्र शिंपडून घेतलं आणि विचारलं, "दुसरा कुठाय?"

"एकच वळून झाला," बा म्हणाला. "पडद्याला बांधा, न्हायतर आडवा बांधा. दोन्हीला पुरायचा न्हाय."

"मधनं काप."

"कापा की. पडदा राजाच्या गुडघ्याएवढा वर जाईल. तेवढंच बघायचं आसंल तर कापा."

बाजारात गडी पळाले आणि हात हलवत परत आले. विहिरीचा दोर शेवटच्या पेडीवर आला होता. गेल्या सालचा आडवा दोर? तो तर त्यांनीच जाळला होता. मग एकाला फार मोठी अक्कल सुचली. "फेटं एकाला एक बांधू," तो म्हणाला. "चांगला लांब हुईल."

"कुनाचं फेटं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

रात्रभर मांगाची पोरं ज्याला टेकणार आणि सकाळी जो जाळायचा, तो फेटा कोण सोडणार? एकाचाही हात डोक्याकडं गेला नाही. मला हसू आवरेना. मी मोठ्यानं हसलो आणि बरगडीत एक गुद्दा खाल्ला, तरी हसत होतो.

शेवटी दोर पडद्याला बांधला. आडव्या दोराच्या जागी कारभाऱ्यांनी तालमीची पोरं उभी केली, हातात काठ्या देऊन, खांबापासून खांबापर्यंत. वस्ताद म्हणाले, "मी ह्यास्नी कुस्ती शिकवली, गुरं राखायला न्हाय." पण पोरांचे बाप कारभाऱ्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. वस्ताद तोंड फिरवून मंचाच्या बाजूला जाऊन बसले. ओळीच्या बरोबर मधे माझा जोडीदार उभा होता.

दिवेलागणीला नारळ फुटला. पडदा वर गेला. सिंहासनावर राजा बसला होता, डोक्यावर कागदी मुकुट, आणि ओठावर डिंकानं चिकटवलेली ही एवढी मिशी, कानापर्यंत पिळलेली. पहिलं पद सुरू झालं. उतारावर बानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल," म्हणाला. आम्ही तिघं निघालो, आणि मागं वळून बघितलं तर अख्खा वाडा निघाला होता.

बा ओळीसमोर जाऊन उभा राहिला. "वाट द्या बाबांनो. मला राजा बघायचाय."

जोडीदार माझ्याशी बोलला, बाशी नाही. "म्हाताऱ्याला घिऊन मागं हो. तुला सांगतोय मी. मागं हो."

"हात लावून बघ," मी म्हणालो.

त्यानं काठी उगारली ती माझ्यावर. मी खांदा पुढं केला, एक फटका खायचा आणि आत घुसून त्याची कंबर धरायची, असा हिशेब करून. पण बा आमच्या दोघांच्या मधे आला, दोन्ही हात वर करून. मारू नका, असं काहीतरी म्हणत होता. काठी त्याच्या डोक्यावर बसली. मघाशी नारळ फुटला होता ना, तसाच आवाज झाला.

बा बसल्यासारखा खाली गेला. जोडीदाराच्या हातातली काठी गळून पडली आणि तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं टाकून. मी त्याच्या छातीत डोकं घातलं. तो आडवा झाला तरी त्यानं हात उचलला नाही. न लढणाऱ्याला काय मारायचं? मी दुसऱ्याकडं वळलो. मग आमचे आणि त्यांचे असं काही राहिलंच नाही. काठ्या, दगड, दात, नखं. आईनं एकाच्या मनगटाला असा चावा घेतला की तो आईगं आईगं करत नाचायला लागला. बायकांनी उकिरड्यातलं शेण उचलून मारायला सुरुवात केली. एक गॅसबत्ती फुटली. माझ्या खांद्यावर काठी बसली आणि आत काहीतरी कट्‌कन मोडलं. डावा हात लोंबायला लागला. खरं सांगतो, मला दुखत नव्हतं. मला त्या घटकेला सगळी पेठ जाळावीशी वाटत होती.

आणि त्या गोंधळात कारभारी मंचाकडं बघून ओरडत होते, "नाटक चालू ठेवा! थांबू नका! चालू ठेवा!" राजानं खरोखरच पद चालू ठेवलं. माझा बा रक्तात पडलाय आणि हा बाबा ताना घेतोय! माझं टाळकं सटकलं. मी माणसांच्या अंगावरून उड्या टाकत मंचावर चढलो. पडदा ओढणाऱ्या गड्याला ढकलून खाली पाडला आणि दोर सोडवला.

पडदा बांबूसकट धाडकन खाली आला, तो नेमका राजाच्या डोक्यात. पद तोंडातच राहिलं. मुकुट घरंगळत लोकांत गेला. मिशी आधी एका बाजूनं लोंबली आणि मग पडलीच. मारामारी चालू असताना, डोकी फुटलेली असताना लोक खदाखदा हसले. मी सुद्धा हसलो असतो, पण मला वेळ नव्हता. मी दोर उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळला आणि फळ्यांवर बैठक मारली.

"बा पुढं बसंस्तोर पडदा वर जायचा न्हाय!" मी ओरडलो. "पायजे तर हात तोडून न्या!"

त्यांनी ओढायला सुरुवात केली. प्रधान, सेनापती, शिपाई, सगळे दोराला लागले. पीळ कातडीत शिरला, मग मांसात. राणीनं लुगडं खोचून माझ्या पोटात लाथ घातली. मी राणीचा पाय चावला. बानं वळलेला दोर, तो तुटणार थोडाच! हात तुटेल असं वाटायला लागलं, तेव्हा वस्ताद उठले. काही न बोलता मंचावर आले, दोराचं टोक उचललं, स्वतःच्या कमरेला वेढा दिला आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसले. "आता ओढा," म्हणाले.

वस्तादांच्या कमरेचा दोर कोण ओढणार? सगळ्यांचे हात सुटले.

"वस्ताद, तुमी ह्यात पडू नका!" कारभारी खालून म्हणाले.

"पडलोय की. हिंमत आसंल तर उचला." मग त्यांनी पटांगणाकडं बघितलं. "पेठेला नाटक बघायचं हाय का न्हाय? बघायचं आसंल तर ह्या पोराच्या बाला वाट द्या. न्हायतर मी सकाळपतुर हितंच बसतोय. मला काय घाई न्हाय."

मारामारी थांबत आली होती. लोक धापा टाकत एकमेकांकडं बघत होते. तेवढ्यात मागून मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. जोडीदार येत होता. कुस्ती जिंकलेल्या पैलवानाला घेतात तसं त्यानं बाला खांद्यावर घेतलं होतं. स्वतःचा फेटा सोडून बाच्या डोक्याला गुंडाळला होता आणि तो रक्तानं भिजून बाच्या कानावर आला होता. जोडीदार लहान पोरासारखा भोकाड पसरून रडत होता आणि चालत होता. लोक बाजूला सरले. मला माहीत आहे ते का सरले ते. शिवू नये म्हणून सरले. पण वाट झाली ती झाली. त्यानं बाला मंचासमोर, बरोबर मधोमध बसवलं. आई शेजारी जाऊन बसली. मग उतारावरची माणसं एकेक करून आली आणि मिळेल तिथं टेकली. पेठेतली काही घरं शिव्या देत उठून गेली. बाकीची बसून राहिली. त्यांना नाटक बघायचं होतं.

मी उजव्या हातानं आणि दातानं दोर ओढला, वस्तादांनी मागून जोर लावला, आणि पडदा वर गेला. राजा तसाच उभा होता, बोडका, ओठ साफ, कपाळावर टेंगूळ. नाटक शेवटपर्यंत झालं. मी मंचावरून बाच्याकडं बघत होतो. तो तोंड वर करून बसला होता, सगळ्यांबरोबर हसत होता, राजाचा मुलगा मेला तेव्हा डोळे पुसत होता. मला वाटलं, गेला खांदा तर जाऊ दे. माझ्या बानं राजा बघितला.

सकाळी आमच्या दारात वाडा गोळा झाला. जो तो विचारत होता, कसा दिसला, जवळून कसा दिसला? बा भिंतीला टेकून बसला होता, मोठ्या ऐटीत.

"काय सांगू तुमास्नी," तो म्हणाला. "काय रुबाब! आनि शेवटपतुर काय ती मिशी! कानापतुर पिळल्याली!"

एक म्हातारी फिसकन हसली. "आरं, मिशी तर पयल्या झटक्याला पडली की! शेवटपतुर बोडकाच हुता."

बा म्हणाला, "व्हय व्हय. असती तर कशी दिसली असती, ते सांगालोय." सगळे हसले आणि बोलणं पुढं गेलं. मी हसलो नाही. मी त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी हलली नाही. काठी बसली तेव्हाच जी काय उरली होती ती नजर गेली होती. माझा बा पुढं बसला होता, मधोमध, राजापासून दोन हातांवर, आणि त्याला काहीही दिसलं नव्हतं.

मी घरातून कोयता घेतला. दारातच जोडीदार समोर आला, हातात दुधाचा तांब्या घेऊन. वाड्यात पेठेतला माणूस असा कधी येत नसे. तो माझ्या हातातल्या कोयत्याकडं बघून थांबला नाही. सरळ बाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. बानं त्याच्या अंगावरून पलीकडं बघत विचारलं, "कोन आलंय रं?"

जोडीदाराला कळलं. तांब्या हातातून सुटला, दूध धुळीत गेलं, आणि तो बाच्या पायांवर कोसळला. आईनं लोकांना हाकलून दिलं. मी कोयता उचलून उभा होतो. एवढ्या जवळ त्याची मान होती.

"कोयता ठेव," बा म्हणाला. त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. "आनि तू बी ऊठ. दोघंबी ऐका. मी राजा बघितलाय. पेठंत, वाड्यात, कुनी बी इचारलं तर हेच सांगायचं. आंधळ्याला फुडं बसून काय करायचंय, आसं म्हनतील, आनि फुडच्या साली दुसरा दोर मागतील. समजलं?"

जोडीदारानं मान हलवली. मग लक्षात आलं, मान हलवून काय उपयोग. "व्हय मामा," म्हणाला. आदल्या संध्याकाळपर्यंत माझा बा त्याच्या लेखी नुसता 'म्हातारा' होता.

मी कोयता खाली ठेवला. माफ केलं म्हणून नव्हे. बानं सांगितलं म्हणून. मला आजही राग आहे, कारभाऱ्यांचा आहे, जोडीदाराचा आहे, माझ्या म्हाताऱ्याला आयुष्यभर उकिरड्यावर उभं करणाऱ्या सगळ्यांचा आहे. तो जायचा नाही आणि जाऊही नये.

पुढच्या साली पेठेनं एकच दोर मागितला. बानं तो नुसत्या हातांच्या अंदाजानं वळला. नाटकाला आम्ही त्याला मंचासमोर घेऊन बसलो, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला जोडीदार. मंचावर जे चालायचं ते आम्ही त्याच्या कानात सांगायचो. राणी उजवीकडनं आली. शिपायानं तलवार काढली, लाकडाची हाय. मागून लोक खेकसायचे, "ए, गप बसा की रं!" जोडीदार मागं वळून एकदा बघायचा, मग सगळे गप्प. बा असेतो दरसाल असंच चाललं. पडदा वर जाताना दोर कुरकुरला की बा त्याच्याकडं कान करायचा आणि पहिल्यांदा एकच विचारायचा.

"मिशी हाय का रं?"

"हाय मामा," जोडीदार म्हणायचा. "ही एवढी." आणि दोन्ही हात फाकवून दाखवायचा. बाला दिसायचं नाही, तरी दाखवायचा.